हायब्रीड गाडीचा थर्मोस्टॅट बदलायचाय, कूलंटमधली हवा कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल स्ट्राँग हायब्रीड आहे (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही, गरज नसली की इंजिन आपोआप बंद होतं), वॉरंटी संपलेली. थंडी पडल्यापासून वर्धा रोडच्या सिग्नलवर इंजिन लवकर बंदच होत नाही. हीटर बंद, बॅटरी भरलेली, तरी घरघर चालूच. ॲव्हरेज पडलंय. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावला तर शहरात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कसंबसं 60 अंशांवर पोचतं आणि समृद्धीवर वेग धरला की आणखी उतरतं. पी 0128 कोडही आलाय, म्हणजे कूलंट पुरेसं तापत नाही.

म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडाच अडकला असणार. त्यातलं मेण साधारण 82 अंशांना वितळून फुगतं, झडप ढकलतं, तेव्हा कुठे रेडिएटरची वाट मोकळी व्हायला हवी. इथे ती कायमचीच मोकळी आहे. त्यात हायब्रीडचं इंजिन मधूनमधून बंद असतं, मग तापणार कधी?

ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, "काढूनच टाका भाऊ, नागपूरच्या उन्हात याचं कामच काय?" मला हे अजिबात पटत नाही. बाहेर 45 असो की 10, इंजिनाला आत 80-90 अंश लागतातच. गार इंजिनात पेट्रोल जास्त फवारलं जातं, न जळालेलं ऑइलमध्ये उतरतं. उन्हाळ्याचा बंदोबस्त रेडिएटर आणि पंख्याने करायचा, थर्मोस्टॅट काढून नव्हे.

म्हणून घरीच बदलणार आहे. नवा आधी पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवून वेळेवर उघडतो का ते बघेन. गॅस्केट नवं, कूलंट मॅन्युअलमध्ये दिलंय तेच, नळाचं पाणी नाही. काम गार इंजिनावर, गाडी पूर्ण ऑफ, चावी घरात. रेडी मोडमध्ये (गाडी निघायला तयार असताना) इंजिन कधीही आपोआप सुरू होतं. नारिंगी (हाय व्होल्टेज) केबलला हात लावणार नाही. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या यंत्राच्या) कूलंटची टाकी वेगळी आहे, तीही उघडणार नाही.

अडतंय ते हवा काढण्यापाशी. माझ्या गाडीचा वॉटर पंप (कूलंट फिरवणारा) इलेक्ट्रिक आहे, बेल्टवरचा नाही. साध्या गाडीत कूलंट भरून इंजिन चालू ठेवलं की बुडबुडे निघून जातात. इथे इंजिन मध्येच थांबतं आणि हवा आत राहिली तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) तापायची भीती. मेंटेनन्स मोडमध्ये (इंजिन आपोआप बंद न होऊ देणारा सर्व्हिसचा मोड) इंजिन सलग चालवलं तर पुरतं का, की स्कॅनरवरून पंप वेगळा फिरवावा लागतो? थर्मोस्टॅटवरची हवा निघायला दिलेली छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवायची ना?

इलेक्ट्रिक पंपाच्या गाडीत हे काम स्वतः केलेल्या कोणी क्रम सांगितला तर फार मदत होईल. नागपुरात स्कॅनरने पंप फिरवून देणारं गॅरेज माहीत असेल तर तेही कळवा.