मदत हवी आहे: वसतिगृहातल्या मुलींच्या उवा औषध लावूनही परत येतात

अधीक्षिका_गडचिरोली

नमस्कार. मुलींच्या निवासी आश्रमशाळेचं वसतिगृह सांभाळते. पाचवी ते दहावी, ६४ मुली, एका पलंगावर दोघी झोपतात. दवाखान्यातून मिळालेलं लोशन सगळ्यांना एकाच दिवशी लावलं, दोन आठवड्यांत पुन्हा तेच. दिवाळीच्या सुट्टीला तीन आठवडे आहेत, त्याआधी आटोपायचं आहे. पाणी बोअरवेलचं, बाहेर ८ नळ. काही पालक सीताफळाच्या बिया वाटून लावा म्हणतात, एक सर सरळ केस कापून टाका म्हणतात. औषधातच दम नाही की लावण्यात चुकतंय? गाद्या-चादरींचं काय करायचं? गोळी पण मिळते म्हणे, ती चालेल का?

मेडिकलवाला

मॅडम, आधी बाटलीवरचं वाचा. परमेथ्रिन १ टक्का असेल तर औषध बरोबर आहे. ५ टक्क्यांची क्रीम खरजेसाठी असते, ती यासाठी नाही. गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइड लिहिलेलं असेल तर बाजूला ठेवा. ते मेंदूवर परिणाम करतं, लहान मुलांना झटके येऊ शकतात.

शाळा-वसतिगृहात घोळ होतो तो तेलाने. मुली रोज तेल चोपडून दोन वेण्या घालतात आणि त्याच तेलकट डोक्यावर लोशन जातं, मग ते केसांना नीट लागतच नाही. आधी साध्या शाम्पूने केस धुवा, कंडिशनर नको. टॉवेलने चांगले टिपून घ्या. केस ओलसर हवेत. पाणी निथळत असेल तर औषध पातळ होऊन वाहून जातं. कानांमागून आणि मानेवरून सुरुवात करा, उवा-लिखा तिथे जास्त सापडतात. तिथून मुळापासून टोकापर्यंत, केस पूर्ण भिजतील इतकं लावा. ६० मिलीची बाटली एका डोक्याला धरा, कमरेपर्यंत केस असतील तर तीही पुरत नाही. एका बाटलीत तिघी-चौघी आटोपल्या की औषध वाया जातं आणि उवा शिल्लक राहतात. घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा, जास्त ठेवून जास्त फायदा होत नाही. धुताना डोळ्यांवर घडी केलेलं कापड, डोकं पुढे वाकवलेलं. अंगावरून पाणी घेऊन धुतलं की औषध सगळ्या अंगावर उतरतं. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत. त्यानंतर दोन दिवस शाम्पू नाही.

मुख्य गोष्ट दुसऱ्या हाताची, म्हणजे औषध दुसऱ्यांदा लावण्याची. परमेथ्रिन चालत्या उवा मारतं, लिखा बऱ्याच वाचतात. लीख ७ ते १० दिवसांत फुटते आणि त्यातलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी ९ ते १२ दिवस लागतात. म्हणून दुसरा हात नवव्या दिवशी: तोवर बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि नवी मादी अजून तयार झालेली नसते. एकदाच लावून थांबलं की दोन आठवड्यांनी उवा दिसणारच, औषध कितीही चांगलं असो.

पीएचसी_सिस्टर

वरचं बरोबर आहे, पण 'परत आल्या' म्हणजे नेमकं काय झालं ते उवांच्या आकारावरून कळतं. ताई, पुढच्या वेळी औषध लावल्यावर दोन दिवसांनी फणी फिरवून बघा. लहान-मोठ्या सगळ्या आकारांच्या उवा पूर्वीसारख्याच चालत असतील तर औषध कमी पडलं, नीट लागलं नाही किंवा त्या उवा त्याला दाद देत नाहीत. तेव्हा तेच औषध तिसऱ्यांदा ओतत बसू नका, डॉक्टरांना विचारून बदला. आठव्या-नवव्या दिवशी फक्त बारीक, तिळापेक्षा लहान पिल्लं दिसली तर लिखा फुटल्या, दुसऱ्या हाताने जातील. दोन्ही हात झाले, डोकं काही दिवस साफ राहिलं आणि मग एकदम मोठी ऊ सापडली, तर ती दुसऱ्या डोक्यावरून आली. पलंगावरची जोडीदारीण तपासा.

आणि सगळ्या ६४ जणींना औषध कशाला? तपासा सगळ्यांना, औषध जिच्या डोक्यात जिवंत ऊ आहे तिला आणि तिच्या पलंगावर झोपणारीला. नुसत्या लिखा दिसल्या तर त्या मुळापासून किती लांब आहेत ते बघा. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे त्याहून लांब असलेली लीख बहुधा रिकामं टरफल असतं. कोंडा फुंकरीने उडतो, लीख नखाने ओढावी लागते. तपासणीत स्वयंपाकीण बाई आणि तुम्ही स्वतःसुद्धा आलात.

गोळी म्हणजे आयव्हरमेक्टिन. ती किलोमागे २०० मायक्रोग्रॅम अशी वजनावर देतात, आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि १५ किलोच्या आतल्या मुलांना देत नाहीत. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय नाही. गुरांच्या गोचिडासाठी याच नावाचं इंजेक्शन गावात मिळतं, त्याचा प्रयोग कुणी करू नये. जंताची गोळी वेगळी, तिने उवा जात नाहीत. कानामागे पू, खपल्या, मानेला गाठी असतील त्या मुलीला आधी दवाखान्यात दाखवा.

वऱ्हाडी_मास्तर

ते सीताफळाचं पहिले बंद करा बाप्पा! दिवाळीच्या तोंडावर सीताफळं निघतात, बिया घरोघरी असतात, आणि त्या पुडीने उवा मरतातही, म्हणून लोकांचा भरवसा बसलेला. पण धुताना ओघळ डोळ्यात गेला की बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो. भयंकर आग, डोळा उघडत नाही, जखम चिघळली तर नजरेवर जाते. कुणी लावलंच असेल तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

मुंग्यांचा खडू, रॉकेल आणि कपाशीच्या फवारणीचं औषध हेही त्याच यादीत. हसू नका, रिकाम्या डब्यातलं उरलेलं औषध डोक्याला चोळणारे लोक आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले ते याच जातीच्या विषांनी, आणि पोट्टीच्या डोक्याची कातडी तर खाजवून आधीच फुटलेली असते.

केस कापण्याबद्दल: मुलीची आणि घरच्यांची खुशी असेल तर खांद्यापर्यंत करा, फणी लवकर फिरते. जबरदस्तीने किंवा सगळ्यांसमोर कापणं म्हणजे मानसिक छळ. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ त्या सरांना वाचायला द्या. वर्गात वेगळं बसवणं, घरी पाठवणं हेही नको. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की सरकते.

अधीक्षिका_गडचिरोली

खूप आभार. आता अडचण अशी की बाटल्या फार तर ३० मिळतील. आणि टाकी १००० लिटरची आहे, एका दिवसात जमेल का?

मेडिकलवाला

३० बाटल्या म्हणजे दोन हातांच्या हिशोबाने १५ मुली, हे आधी पक्कं करा. जास्त उवा असलेल्या आणि फार लांब केस नसलेल्या १५ निवडा. शाम्पू आणि नंतरचं धुणं मिळून एकीला १५ लिटर धरलं तरी सव्वादोनशे लिटर, टाकीला काही होत नाही. नळ ८, म्हणजे दोन तुकड्या. सकाळी सुरू केलं तर जेवणाच्या आत मोकळं.

पीएचसी_सिस्टर

बाकीच्यांना फणी. लोखंडी, अगदी जवळजवळ दातांची घ्या. प्लॅस्टिकचे दात वाकतात आणि पिल्लं निसटतात. केस ओले करून भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल लावा (इथे तेल चालतं, कारण औषध लावायचं नाही, तेलात ऊ सुस्त होते). साध्या कंगव्याने गुंता काढा, बोटभर रुंदीची बट धरा, फणी कातडीला टेकवून टोकापर्यंत ओढा आणि प्रत्येक ओढीला पांढऱ्या कापडावर पुसा. एका डोक्याला २० मिनिटं तरी लागतात. दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. मध्ये एक फेरी चुकली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, कारण तेवढ्यात फुटलेलं पिल्लू मोठं होतं. आठवी-नववीच्या मुलींच्या जोड्या लावून द्या, आठवड्यात हात बसतो.

गाद्यांवर जीव टाकू नका. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्ताशिवाय एक-दोन दिवसांत मरते. औषध लावायच्या दिवशी उशांचे अभ्रे, चादरी, ओढण्या कडक गरम पाण्यात धुवून उन्हात टाका. गादीला ऊन दाखवलं तरी पुरे. फण्या, रबरबँड आणि वेण्यांच्या रिबिनी हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात १० मिनिटं बुडवा; रिबिनी एकमेकींच्या वापरतात, तिकडे लक्ष हवं. हॉलमध्ये फवारणी अजिबात नको.

वऱ्हाडी_मास्तर

तारखा अशा धरा: येत्या रविवारी पहिला हात, मग नववा दिवस पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी येतो. त्यानंतरच्या सोमवारी सगळ्यांची फणी. सुट्टीला फार तर पाच दिवस उरतात. रविवार हुकला तर दुसरा हात सुट्टीत जाईल असं सुरू करू नका. मुली परतल्यावरच करा, नाहीतर अर्धवट राहील.

सुट्टीला पाठवताना घरी चिठ्ठी देऊ नका, वाचली जात नाही. न्यायला आलेल्या आईला गोंडी किंवा माडिया येणाऱ्या बाईकडून तोंडी सांगा: पोरगी घरी पोहोचली त्या रात्री घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, पोट्ट्यांचीही. त्या-त्या गावच्या आशाताईंना फोन केलेला बरा. परत आल्यावर पलंग द्यायच्या आधी दारातच फणी.