पालिकेची तातडीची मदत: यादीत नाव असेल तर दहा हजार पौंड, नसेल तर शुभेच्छा

वडेवाली

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका गावात बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, तिथे माझा बटाटेवड्यांचा ठेला आहे. परवा ठेल्यावर जुना विषय निघाला आणि पाच वर्षांपूर्वीचा राग पुन्हा ताजा झाला, म्हणून हा धागा.

२३ मार्च २०२० ला लॉकडाउन लागलं. त्याआधी ११ मार्चच्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी छोट्या धंद्यांना तीन हजार पौंड जाहीर केले होते, आठवडाभरात त्याचे दहा हजार झाले. वाटप स्थानिक काउन्सिलकडे, म्हणजे पालिकेकडे. निकष एकच: तुमच्या जागेला बिझनेस रेट्सची, म्हणजे धंद्याच्या जागेवरच्या घरपट्टीची, छोट्या धंद्यांसाठीची सवलत आहे का? असेल तर दहा हजार. हॉटेल, दुकान किंवा करमणुकीची जागा असून करपात्र मूल्य १५ हजारांच्या वर आणि ५१ हजारांच्या आत असेल, तर पंचवीस हजार. नुकसान किती झालं, घरी खाणारी तोंडं किती, हे कोणी विचारलंच नाही.

माझ्या ठेल्यामागे एक गाळा आहे. मालक त्यात जुनं फर्निचर ठेवतो. वर्षभरात गिऱ्हाईक आलेलं मी पाहिलं नाही, पण गाळा यादीत होता. त्याला दहा हजार मिळाले. मला शून्य, कारण बाजाराच्या पटांगणाची घरपट्टी काउन्सिलच्याच नावावर, ठेलेवाल्यांची वेगळी नोंद नाही. स्वयंरोजगारवाल्यांच्या योजनेला २०१८-१९ चं विवरणपत्र लागत होतं आणि मी ठेला लावला २०१९ च्या उन्हाळ्यात. तिथेही बाद.

राग कशाचा, तर हीच काउन्सिल दर आठवड्याला माझ्याकडून जागेचं भाडं घेते. बाजाराच्या मुकादमाकडे (पद सुपरवायझरचं, आम्ही आपापसात मुकादमच म्हणतो) वही आहे: कोण आलं, कोण नाही, कोणाचे किती थकले. म्हणजे एका खात्याकडे माझं नाव, फोन, बँकेचा तपशील सगळं होतं आणि दुसरं खातं म्हणत होतं, तुमची नोंद नाही. दोन खात्यांच्या मध्ये एक जिना!

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे काउन्सिलनेच वाटावेत, पण लंडनहून आलेल्या निकषावर नव्हे, गावाच्या माहितीवर. कोण खरंच धंदा करतं हे गावाला ठाऊक असतं.

घरपट्टी

वडेवाली ताई, मी त्या जिन्याच्या 'दुसऱ्या खात्या'तला माणूस. तुमच्या काउन्सिलचा नव्हे, लंडनच्या कडेच्या एका बरोची (तिथल्या पालिकेची) वसुली बघायचो. तुमचा राग समजतो, पण निष्कर्ष मान्य नाही.

यादी होती म्हणून पैसे तरी गेले. आणि ती यादीही किती लंगडी, ते ऐका. करपात्र मूल्य बारा हजारांपर्यंत असलं की घरपट्टी शून्य. जो आम्हाला एक पेनी देत नाही त्याचा बँक खाते क्रमांक आमच्याकडे कुठून असणार? जागेत आज कोण बसतं हेसुद्धा नक्की नसायचं. दहा हजार पौंड द्यायचेत आणि घेणारा कोण ते माहीत नाही! आम्ही पत्रं पाठवली. पत्रं गेली बंद दुकानांत. उंबरठ्यावर टपालाचा ढीग आणि मालक घरात कोंडलेला. मग फोन, मग शेजारच्या दुकानदाराला फोन. एप्रिलभर आमच्या स्वयंपाकघरांतून हेच चाललं होतं.

यात 'गावाची माहिती' कुठे बसवणार? मी मुकादमाला विचारून पैसे दिले असते, तर ज्याचं मुकादमाशी पटत नाही तो बाद. त्याने तक्रार केली की उत्तर काय द्यायचं, मुकादम म्हणाला म्हणून?

वडेवाली

मुकादम म्हणाला म्हणून नको, वहीत आहे म्हणून द्या. वही हीसुद्धा यादीच ना?

ताळेबंद

दोघेही करदात्याला विसरताय. इंग्लंडमध्ये ३१४ काउन्सिलांमार्फत आठ योजनांत मिळून सुमारे २२.६ अब्ज पौंड वाटले गेले. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२३ च्या अहवालात चुकीने किंवा फसवणुकीने गेलेल्या रकमेचा अंदाज आहे १.१ अब्ज पौंड. २०२३ च्या मेपर्यंत त्यातले परत आले जेमतेम दोन टक्के. बंद पडलेल्या धंद्यांच्या नावावर, रिकाम्या जागांवर, कुठे भाडेकरूच्या ऐवजी मालकाने पैसे उचलले. मी सनदी लेखापाल आहे. माझ्या अशिलाने असा हिशेब आणला तर मी सही करणार नाही.

आधी तपासा, मग द्या. पंधरा दिवस उशीर झाला तर आकाश कोसळत नाही.

वाशिष्ठीकाठ

ताळेबंद साहेब, पंधरा दिवस म्हणजे काय ते चिपळूणला येऊन बघा.

२२ जुलै २०२१. माझं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. पाणी २००५ ला आलं होतं, त्या खुणेच्या वर सामान रचायची आमची पद्धत. या वेळी ती खूणच पाण्याखाली गेली. दोन दिवसांनी शटर उचललं तर आत गुडघाभर चिखल आणि सिमेंटच्या पोत्यांचे दगड झालेले.

पहिला प्रश्न: साफ करायचं की पंचनाम्याची वाट बघायची? साफ केलं तर पुरावा गेला. थांबलो तर शेजारच्या किराणा दुकानातलं कुजलेलं धान्य सगळ्या आळीला आजारी पाडणार. शेवटी फोटो काढले आणि फावडं हातात घेतलं. फोटो चालतील असं नंतर कळलं. 'नंतर' या शब्दावर आमच्या आळीत दुसरा धागा काढता येईल.

आता ताईंच्या मुद्द्यावर येतो. आमच्याकडे मदत पालिकेने नाही, महसूल खात्याने दिली. राज्याचा आदेश असा: दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार रुपये. टपरीवाल्याला ७५ टक्के, जास्तीत जास्त १० हजार. आपत्ती निधीच्या केंद्राच्या निकषांत दुकान हा प्रकारच नाही, म्हणून राज्याला वेगळा आदेश काढावा लागतो.

हिशेब करा. ५० हजारांची मर्यादा गाठायला नुकसान किती हवं? ६७ हजारांच्या आसपास. बाजारपेठेत ज्या दुकानात छातीभर पाणी शिरलं, त्याचं नुकसान ६७ हजारांपेक्षा कमी कसं असेल? माझं नऊ लाखांचं होतं. म्हणजे तलाठ्याने खिळे, नट, पत्रे मोजून कागद रंगवले आणि शेवटी प्रत्येकाला आकडा एकच. मग मोजलंत कशाला? भिंतीवरची पाण्याची रेघ बघा, शटरला खडूने फुली मारा, ५० हजार द्या, पुढचं शटर. एका दिवसात आळी संपते.

घरपट्टीवाले दादा, तुमची ती लंगडी यादी आम्हाला पाठवा. आम्ही खांद्यावर घेऊन नाचू.

चहाटळ

खडूची फुली +१. फक्त खडू कोणाच्या हातात ते आधी ठरवा.

ताळेबंद

वाशिष्ठीकाठ, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण रेघ बघून सरसकट दिले तर ज्याचं दुकान वर्षापूर्वीच बंद पडलंय तोही रांगेत येणार. रेघ त्याच्याही भिंतीवर असते.

वाशिष्ठीकाठ

येऊ दे. आळीत असे दोन निघतील. ते दोन पकडण्यासाठी बाकीच्या अठ्ठावन्न जणांना किती दिवस उभं करणार? तेवढ्या दिवसांत सावकार येऊन जातो.

पथारी

पुण्यात पथारीवाल्यांच्या संघटनेचं काम करते. यादी यादी म्हणून जे कौतुक चाललंय त्याची आमच्याकडची बाजू सांगते.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध लागले तेव्हा महाराष्ट्र सरकारने फेरीवाल्यांना १५०० रुपये जाहीर केले. शब्द होता 'नोंदणीकृत'. नोंदणी कोणी करायची? पालिकेने. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की किमान दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा, नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्या. मुंबईत २०१४ ला सर्वेक्षण झालं, ९९ हजारांच्या आसपास अर्ज आले, त्यातले बहुसंख्य अधिवासाच्या आणि कागदपत्रांच्या अटींत गळले. मग वर्षानुवर्षं घोडं तिथेच. म्हणजे यादी करायचं काम ज्याने केलं नाही, त्यानेच संकटात म्हणायचं की तुमचं नाव यादीत नाही. वडेवाली ताईंना जिना आडवा आला, आमच्याकडे जिनाच बांधलेला नाही.

घरपट्टी, तुम्ही म्हणता यादी म्हणजे निष्पक्षपणा. माझ्या मते यादीत पक्षपात आधीच शिजलेला असतो, वाटताना फक्त वाढला जातो.

एक गोष्ट मात्र बरी झाली होती. ती मदत नव्हती, कर्ज होतं: २०२० च्या जूनमधली केंद्राची स्वनिधी योजना, पहिल्या फेरीला दहा हजार रुपये. त्यात सर्वेक्षणातून सुटलेल्यांसाठी पालिकेचं शिफारसपत्र चालायचं. जुना दंडाचा कागद, संघटनेचं ओळखपत्र, जागेवर येऊन चौकशी, यातलं काही दाखवून पत्र मिळवता यायचं. अतिक्रमण खात्याने हातगाडी उचलल्याची पावती हाच धंद्याचा पुरावा! आमच्या एका मावशींनी अशा पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्यात, वरची सर्वात जुनी तर लॅमिनेट केलीये.

घरपट्टी

पावतीचा किस्सा आवडला. मान्य करतो, शिफारसपत्रासारखं दार हवं.

पण इंग्लंडमध्ये ते दार उघडलं होतं, ताईंनी ते सांगितलं नाही. मे २०२० च्या सुरुवातीला सरकारने मूळ निधीच्या पाच टक्के, म्हणजे ६१ कोटी ७० लाख पौंडांपर्यंत, काउन्सिलांच्या मर्जीवर सोडले. बाजारातले ठेलेवाले, सामायिक कार्यालयात बसणारे, घरपट्टीऐवजी निवासी कर भरणारी छोटी विश्रामगृहं, यांना प्राधान्य द्या म्हणाले. किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, कमाल पंचवीस हजार.

मग काय झालं? आम्ही धोरण लिहिलं. वकिलांनी वाचलं. नगरसेवकांनी सुचवण्या केल्या, प्रत्येकाच्या प्रभागात एक 'खास बाब' होतीच. अर्ज उघडले तेव्हा जून उजाडला. पैसे मर्यादित, अर्ज कितीतरी जास्त, म्हणून रक्कम कापली. आमच्या शेजारच्या बरोने वेगळं गणित मांडलं. रस्त्याच्या या बाजूच्या केशकर्तनवाल्याला पाच हजार, समोरच्याला दहा. दोघे एकाच कॅफेत चहा पितात! गावाची माहिती वापरली की हे होतं. यादीवरचे दहा हजार तरी सगळीकडे दहा हजारच होते.

ताळेबंद, तुमच्यासाठी: १.१ अब्ज म्हणजे एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून किंचित कमी, आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या घाईच्या योजनांतला. घाई करा, असा वरून आदेश होता. पुढच्या फेऱ्यांत तपासणी वाढली तशा चुका कमी झाल्या. पण त्या मार्चमध्ये 'आधी तपासा' म्हणणारा एकही दुकानदार मला फोनवर भेटला नाही.

ताळेबंद

दुकानदार कशाला म्हणेल? पैसे त्याचे नव्हते. आणि वसुली का झाली नाही तेही सांगा. चुकीच्या रकमेचा भार केंद्र उचलणार हे काउन्सिलांना ठाऊक होतं. परत आणायला कर्मचारी आपला लावायचा आणि आलेला पैसा वर पाठवायचा. मग कोण धावेल? वाटणाऱ्याच्या खिशाला पाच टक्क्यांची तरी झळ बसू द्या, बघा यादी कशी रातोरात स्वच्छ होते.

घरपट्टी

किंवा कोणालाच काही मिळत नाही. माझ्या खिशाला झळ असती तर मी प्रत्येक अर्जावर 'अधिक माहिती आवश्यक' असा शेरा मारून सुखाने झोपलो असतो.

बाकी झळ लागायला हवी हे बरोबर आहे. पण ती यादी वर्षानुवर्षं न सुधारल्याबद्दल, संकटातल्या चुकीबद्दल नव्हे.

वडेवाली

दार उघडलं होतं हे सांगितलं नाही, कबूल. मला जुलैमध्ये अडीच हजार मिळाले. अर्जात विचारलं होतं, 'जागेचा नियमित खर्च किती?' पुरावा म्हणून मी काय जोडलं असेल? काउन्सिलनेच दिलेल्या भाड्याच्या पावत्या. त्यांनी त्या 'पडताळणीसाठी' तीन आठवडे ठेवून घेतल्या. स्वतःच्या पावत्या!

आणि ऑगस्टअखेर योजना बंद झाली, उरलेले पैसे वर परत. म्हणून माझी मागणी आता दुरुस्त करून मांडते. वाशिष्ठीकाठ दादांचं पटलं: सरसकट द्या, लवकर द्या, थोडे द्या. पण 'सरसकट' कोणाला, हे एका वहीवर ठरवू नका. घरपट्टीची वही, बाजाराची वही, अन्नसुरक्षेची नोंद (माझ्या ठेल्याची तीही आहे, स्वच्छतेचे पाचपैकी पाच मिळालेत, हे जाता जाता), सगळ्या आधीच एकत्र करून ठेवा. संकट नसताना. मग फुली मारायला खडू कोणाच्याही हातात असला तरी फारसं बिघडत नाही.

घरपट्टी

हे बरंच जवळ आलं. तरी एक विचारतो. तुमच्या बाजारात महिन्यातून एकदाच येणारा, मोबाइलची कव्हरं विकणारा कोणी असेलच. वहीत त्याचंही नाव आहे. त्याला किती?

वडेवाली

आहे असा एक. त्याला पाव रक्कम.

घरपट्टी

आणि महिन्यातून तीनदा येतो त्याला? शिवाय दुसऱ्या गावच्या बाजारातही बसतो, तिथल्या वहीतही आहे?

वडेवाली

थांबा, मुकादमाला विचारते.