कोयत्याची जखम डॉक्टरांनी लगेच का शिवली नाही?

भोगावतीकाठ (प्रश्न):
ऊसतोड सुरू असताना वडिलांच्या नडगीच्या बाहेरच्या बाजूस कोयता निसटून लागला. जखम बोटभर लांब आणि आतली चरबी दिसेल इतकी खोल आहे. संध्याकाळची वेळ होती. फडातल्या कुणीतरी मूठभर हळद दाबून वर टॉवेल आवळला आणि आम्ही कोल्हापुरात दवाखान्यात पोहोचलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टरांनी भूल देऊन जखम बराच वेळ सलाईनने धुतली, पाचटाचे तुकडे चिमट्याने वेचून काढले, काळवंडलेली कड कापून टाकली आणि एकही टाका न घालता ओली गॉज भरून पट्टी बांधली. चौथ्या दिवशी जखम स्वच्छ दिसली तर टाके घालू, असे त्यांनी सांगितले. चुलत्यांचे म्हणणे असे की, तेव्हाच टाके घातले असते तर आठवड्यात मोकळे झालो असतो. शिवाय शाहूपुरीतील मामेभाऊ मोटारसायकलवरून पडले, तेव्हा त्यांच्या भुवईवरची जखम दुसऱ्या दिवशी गेल्यावरही लगेच शिवली होती. मग वडिलांच्या बाबतीतच असे का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

सर्जन, राजारामपुरी:
आपल्या डॉक्टरांनी हात राखून काम केलेले नाही. टाके घालण्यापेक्षा जास्त वेळ खाणारे आणि जास्त गरजेचे काम त्यांनी आधी उरकले आहे. टाका जखम भरून आणत नाही, तो दोन कडा एकमेकींना टेकवून धरतो. भरण्याचे काम शरीर करते. आत माती, पाचट किंवा मेलेले मांस राहिले असताना वरून कातडी शिवली, तर पू बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो आतल्या आत पसरतो. ऊतीच्या एका ग्रॅममध्ये साधारण एक लाखाहून अधिक जंतू असतील, तर शिवलेली जखम बहुधा पिकते. त्यात धागा हा शरीराला परकाच. एलेक आणि कोनेन या संशोधकांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की, माणसाच्या कातडीत पू होण्यासाठी एरवी लक्षावधी स्टॅफिलोकोकस जंतू टोचावे लागतात, पण तेथे रेशमाचा टाका असेल तर काही शेकडो पुरतात.

उसाच्या फडातील जखमेत शेणखताची मातीही असते, आणि ती गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि फ्रान्समधील आघाडी पिढ्यानपिढ्या खत पडलेल्या शेतजमिनीतून गेली होती. त्या मातीतील क्लॉस्ट्रिडियम जंतू जखमेत शिरत आणि घाईने शिवलेल्या जखमांत गॅस गँगरीन (मांस सडून आत वायू धरणारा संसर्ग) होऊन सैनिकांचे पाय, पुष्कळदा प्राणही जात. त्या अनुभवातून बेल्जियमचे आंत्वान दपाज यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी मेलेले मांस कापून काढायचे, जखम उघडी ठेवायची आणि ती स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यावरच शिवायची, ही पद्धत रुजवली. आज तिला डिलेड प्रायमरी क्लोजर, म्हणजे थांबून शिवणे, म्हणतात. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशींनी बरीच साफसफाई केलेली असते, नव्या केशवाहिन्या फुटू लागलेल्या असतात आणि तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसू लागते. तेव्हा घातलेले टाके सहसा टिकतात, आणि उशिरा शिवल्यामुळे जखम पुढे कमजोर राहते असेही नाही.

भुवईचे उत्तर सोपे आहे. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तेथील स्वच्छ जखम चोवीस तासांनंतरही शिवता येते. नडगीवर तशी चैन नाही.

वैद्य, मंगळवार पेठ:
हा विचार आपल्याकडे नवा नाही, एवढीच भर घालतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिवण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. मात्र त्याआधीच बजावले आहे की, धूळ, केस, नख किंवा सुटे झालेले हाड आत राहिले तर जखम फार पिकते, म्हणून ते काढून शुद्धी केल्यावरच शिवावे. सुई कडेपासून फार दूर घातली तर वेदना होतात आणि फार जवळ घातली तर कड फाटते, इतका बारकावा त्यात आहे.

शल्यशास्त्राचा विद्यार्थी:
सर्जनसाहेबांशी सहमत आहे, पण चोवीस तास काय किंवा सहा तास काय, घड्याळाला फार महत्त्व देऊ नये असे मला वाटते. जखम सहा तासांच्या आत आली तरच शिवावी, या जुन्या नियमाचे मूळ जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिख यांच्या १८९८ मधील प्रयोगांत आहे, आणि त्यांनी ते गिनीपिगच्या जखमांत माती व धूळ घालून केले होते. माणसाची प्रत्येक जखम त्या मापाने मोजणे बरोबर नाही. स्वच्छ पात्याने स्वयंपाकघरात कापलेले बोट आणि फडात कापलेला पाय सारख्याच वेळाने दवाखान्यात आले, तरी निर्णय वेगळा असू शकतो.

निवृत्त परिचारिका:
चर्चा ठीक आहे, पण घरी काय करायचे तेही कुणीतरी सांगायला हवे. पट्टीवर पुन्हा हळद, राख किंवा टूथपेस्ट लावू नका. हळद बसली की जखमेचा खरा रंग ओळखता येत नाही. पाय उशीवर उंच ठेवा. दुर्गंधी आली, ठणका वाढला, लाली वर सरकू लागली, ताप आला किंवा दाबल्यावर कातडीखाली कुरकुर जाणवली, तर चौथ्या दिवसाची वाट न पाहता त्याच घटकेला दवाखाना गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले का, हे विचारून घ्या. मातीच्या जखमेत शेवटची मात्रा पाच वर्षांपूर्वीची असेल तर पुन्हा द्यावी लागते. लहानपणी लस झाली की नाही हेच माहीत नसेल, तर त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही, लागते. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हीच स्थिती असते.

टाके पडल्यावर ते काढण्याची घाई करू नका. चेहऱ्याचे पाचव्या दिवसाच्या सुमारास निघतात, पायाचे दहा ते चौदा दिवस ठेवावे लागतात. गावातच काढून घेणार असाल तर काढणाऱ्याकडे लक्ष ठेवा: गाठ चिमट्याने किंचित उचलून धागा कातडीलगत कापला पाहिजे, म्हणजे बाहेर राहून मळलेला भाग आतून ओढला जात नाही. गाठीजवळ कापून ओढणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

भोगावतीकाठ:
सर्वांचे आभार. धनुर्वाताचे इंजेक्शन एकच दिले आहे; दुसऱ्याविषयी आजच विचारतो. वडिलांना साखरेचा त्रास आहे. टाके निघाल्यावर लगेच फडात जाण्याचा त्यांचा हट्ट आहे.

सर्जन, राजारामपुरी:
साखर असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगितले नसेल तर आजच फोन करून सांगा. ती आटोक्यात नसेल तर शिवण्याचा दिवस पुढे जाऊ शकतो आणि टाकेही जास्त दिवस ठेवावे लागतील. हट्टाविषयी म्हणाल तर तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी ताकद आलेली असते आणि तीन महिन्यांनंतरही ती ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही. टाके निघाल्यानंतर निदान काही आठवडे त्यांनी मोळी उचलू नये आणि पाटाच्या पाण्यात पाय घालू नये. बांधावर बसून देखरेख करायला हरकत नाही, पण पायात बूट हवेत.