एकच वाइस कुटुंब सगळीकडे कसं? – 'होलोकॉस्ट' मालिका

टिपकागद:
नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरची, एनबीसी या अमेरिकन वाहिनीने एप्रिल १९७८ मध्ये चार रात्री दाखवलेली 'होलोकॉस्ट' परवा सलग पाहिली. मेरिल स्ट्रीपचं काम सुरेख, प्रश्नच नाही. पण बर्लिनच्या वाइस नावाच्या एका ज्यू डॉक्टरच्या घराला काय काय भोगायला लावावं? थोरला कार्ल एकामागून एक नाझी छावण्यांत: बुखेनवाल्ड, टेरेझिनश्टाट, मग आउशवित्झ. धाकटा रूडी कीव्हजवळचं बाबी यारचं ज्यूंचं हत्याकांड पाहतो आणि वर सोबिबोर या मृत्युछावणीतल्या कैद्यांच्या उठावातही हजर! मुलगी आना हाडामारच्या मनोरुग्णालयात गॅसने मरते, वडिलांची रवानगी वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत. पाठ्यपुस्तकातले धडे भावंडांत वाटून दिलेत जणू. आउशवित्झमधून वाचलेल्या एली वीझेल यांनी तेव्हाच न्यूयॉर्क टाइम्समध्ये मालिकेला खोटी आणि सवंग ठरवलं होतं. मलाही तेच वाटलं. त्यात मधेमधे जाहिराती!

कोलोनकर:
असहमत. ती पश्चिम जर्मनीत लागली तेव्हाचं बघा. जानेवारी १९७९, तीही मुख्य वाहिनीवर नाही, प्रादेशिक वाहिन्यांवर. तरी दोन कोटींच्या आसपास लोकांनी थोडीफार पाहिली. भाग संपला की स्टुडिओत जाणकार बसत आणि लोकांचे हजारो फोन येत. अतिउजव्यांनी तर कोब्लेन्झ आणि म्युन्स्टरजवळच्या प्रक्षेपण यंत्रणेवर बॉम्बस्फोट केले. त्याच वर्षी ३ जुलैला तिथल्या संसदेने खुनाचा खटला भरायची कालमर्यादाच २५५ विरुद्ध २२२ मतांनी रद्द केली. नाहीतर वर्ष संपताच न पकडलेले नाझी खुनी सुटले असते.

शंकासुर:
ते स्फोट मालिकेआधी दाखवलेल्या माहितीपटाच्या वेळी झाले ना? मग तो मुद्दा माहितीपटाच्या खात्यात जमा करा :) आणि मुदतीचा वाद १९६५ आणि १९६९ लाही झाला होता, दोन्ही वेळा मुदत लांबली. तेव्हा कुठली मालिका होती?

कोलोनकर:
स्फोटांचं बरोबर, चूक माझी. पण आधी मुदत नुसती पुढे ढकलली होती, ७९ ला कायमची उठली. सगळं श्रेय मालिकेला नाही देत, पण घराघरांत विषय निघाला तो तिच्यामुळे.

टिपकागद:
विषयच काढायचा तर लान्झमानचा 'शोआ' हा माहितीपट आहे की. नट नाहीत, जुनी चित्रफीत नाही, फक्त माणसं बोलतात.

उंबरठा:
साडेनऊ तास! आमच्याकडे सासूबाई अर्ध्या तासात उठतील. मला वाइसांपेक्षा मालिकेतल्या एरिक डॉर्फचं घर जास्त टोचलं. बेकार वकील, बायको मागे लागते म्हणून हायड्रिख या बड्या नाझी अधिकाऱ्याकडे नोकरी मागतो आणि मग कत्तलींना सोज्वळ सरकारी शब्द शोधून देतो. घरी मुलं, ख्रिसमस, पियानो. नोकरीसाठी मागे लागणारी बायको आपण सगळ्यांनीच पाहिलीय, म्हणून तर भीती वाटते. हे माहितीपटात कसं दाखवणार?

टिपकागद:
डॉर्फ मान्य. रूडीचं सोबिबोर मात्र घशाखाली उतरत नाही.

कोलोनकर:
रूडी मलाही पटत नाही. पण आनाचं सांगतो. मालिका पाहिल्यावर हाडामारला गेलो, इथून, कोलोनहून, गाडीने फार लांब नाही. तळघरातली गॅसची खोली अजून आहे. १९४१ च्या जानेवारी ते ऑगस्टमध्ये तिथे १०,००० हून जास्त माणसं मारली, आणि त्यातले बहुतेक ज्यू नव्हतेच. जर्मन मनोरुग्णालयांतून बसने आणलेले रुग्ण होते. एवढी वर्षं इथे राहून मला ह्या गावाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.