व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकात चालणारा आभासी संगणक) बंद केल्यावर नवं नेटवर्क कार्ड गायब का होतं?

यावर व्हीएमच्या सेटिंग्जची एक्सएमएल फाइल हाताने बदलायचा सल्ला एकाने दिला आहे, पण एवढ्यासाठी त्याची गरज नाही. 'व्हर्श'मध्ये (व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टचं कमांड-लाइन साधन) अटॅच-इंटरफेस या कार्ड जोडायच्या कमांडला फक्त 'लाइव्ह' दिलं, तर कार्ड चालू व्हीएमलाच लागतं आणि ती बंद झाली की जातं. फक्त 'कॉन्फिग' दिलं, तर ते पुढच्या वेळी व्हीएम सुरू केल्यावर दिसतं. दोन्ही एकाच कमांडमध्ये द्या.

आणि मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) स्वतः ठरवून द्याच, हे मी आग्रहाने सांगेन. तो न देता 'लाइव्ह' आणि 'कॉन्फिग' वेगवेगळे चालवलेत, तर लिबव्हर्ट दोनदा नवा मॅक बनवतं. मग डीएचसीपीमध्ये (मशीनला आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता देणारी सेवा) त्या मॅकसाठी राखून ठेवलेला आयपी पुढच्या बूटनंतर मिळत नाही आणि माणूस फायरवॉल तपासत बसतो. केव्हीएमसाठी (लिनक्समधली व्हीएम चालवणारी यंत्रणा) मॅकची सुरुवात ५२:५४:०० ठेवा. एकाहून जास्त कार्डं असतील तर डिटॅच करतानाही मॅक लागतोच. आधी 'डॉमइफलिस्ट' या कार्डांची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये तो बघून घ्या.

नुसतं कनेक्शन तोडून पाहायचं असेल तर कार्ड काढू नका. 'डॉमइफ-सेटलिंक' वापरून लिंक डाउन करा, केबल उपटल्यासारखंच होतं.

ब्रिजवरच्या (म्हणजे थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडलेल्या) व्हीएमचा आयपी 'डॉमइफअ‍ॅडर' या आयपी दाखवणाऱ्या कमांडमध्ये रिकामा येत असेल तर सोर्स 'एजंट' द्या. त्यासाठी व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आतून माहिती देणारा छोटा प्रोग्रॅम) चालू हवा.