‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ बसवताना सगळं गढूळ का वाजतं? आणि बी-साइडचं काय?

प्रश्न

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचं हे गाणं चौघांत बसवायचं आहे. कॉर्ड चारच: ई मायनर, डी, बी मायनर, ए. वेग मिनिटाला साधारण 147 ठोके. सूर बरोबर लागतात, तरी 1980च्या सिंगलमधली ओढ काही येत नाही. बेस, गिटार, सिंथ (सिंथेसायझर) यांची वाटणी कशी करावी? आणि सिंगलच्या बी-साइडवर, म्हणजे मागच्या बाजूला, ‘दीज डेज’ या गाण्यासोबत हेच गाणं पुन्हा आहे, त्यातून काही हाती लागतं का?

उत्तर 1

आधी बेस तपासा. कॉर्डचा खालचा मूळ सूर धरून वाजवत असाल तर गाणं तिथेच बसतं. बँडचा बेसवादक पीटर हुक याचा बेस सुरावट गातो, तीही वरच्या फ्रेटवर (उंच सुरांच्या पट्ट्यांवर). सुरुवातीच्या काळात गिटारवादक सम्नरच्या गिटारपुढे खालचे सूर ऐकूच येत नसत, म्हणून तो वर सरकला आणि तीच त्याची ओळख झाली.

जी तारेवर सुरावट घ्या, शेजारची डी तार मोकळी घुमू द्या. बोटांऐवजी पिक (तार छेडायची चकती) वापरा आणि ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या पट्टीच्या, जवळ वाजवा. कोरस पेडल (सूर किंचित हलवून दुहेरी भासवणारं) हवंच, पण वेग अगदी मंद ठेवा. जास्त ठेवलात तर सूर डगमगतो आणि बेसुरा वाटतो.

आता मधली जागा गिटारने भरू नका. सुरुवातीचा तो झणझणाट बारा तारांच्या गिटारचा आहे. सहा तारांची असेल तर फक्त बारीक तीन-चार तारा छेडा. सिंथवर (मूळ एआरपी ऑम्नी 2) डावा हात उचलूनच ठेवा, खालचे सूर नकोत.

उत्तर 2

वरच्यात ड्रमची भर. निर्माता मार्टिन हॅनेट ड्रमचे भाग सुटे सुटे रेकॉर्ड करायला लावायचा, एका माइकात दुसऱ्याचा आवाज शिरू नये म्हणून. त्यामुळे स्नेअरवर (कडक आवाजाच्या ड्रमवर) डिले, म्हणजे उशिरा येणारा पडसाद, चढवला तरी हाय-हॅट (झांजांची जोडी) कोरडी राहते. खोलीत दोनच माइक लावून वर रिव्हर्ब (घुमारा) ओतलात, तर झांजांचा फेस सगळीकडे पसरतो. स्नेअरला वेगळा माइक द्या आणि तेवढ्याच ट्रॅकवर 30–40 मिलिसेकंदांचा डिले, जेमतेम जाणवेल इतका. लांब डिले हवा असेल तर या वेगाला एका ठोक्याचा चौथा भाग 102 मिलिसेकंद येतो.

उत्तर 3

बी-साइडच तुमची शिकवणी आहे. ए-साइड मार्च 1980मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओतली, तर बी-साइडवरची आवृत्ती त्याच वर्षीच्या जानेवारीत ओल्डहॅमच्या पेनाइन स्टुडिओत झालेली. मधे फक्त दोन महिने! दोन्ही लागोपाठ ऐका आणि गायक इयन कर्टिसच्या गळ्याकडे लक्ष द्या. फॅक्टरी या रेकॉर्ड कंपनीच्या टोनी विल्सनने त्याला अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राची रेकॉर्ड ऐकायला दिली होती. ए-साइडवर तो ओळी खालच्या पट्टीत, जवळजवळ सपाट, सावकाश सोडतो. ध्रुवपदाची चाल सिंथ आणि बेसने आधीच गाऊन ठेवलेली असते. आवाज तिथे नंतर पोचतो. मला वाटतं, गाण्याची सगळी ताकद या उशिरात आहे. तुमचा गायक कडव्यातच जोर लावत असेल तर ध्रुवपदाला चढायला जागा उरत नाही.

‘दीज डेज’ त्याच्या शेजारी मुद्दाम ऐका. गिटार खरखरीत, ड्रम पुढे रेटणारे, कुठेही गोडवा नाही. ए-साइडचा गोडवा किती जपून, किती मोजून घातलाय हे तेव्हा कळतं.

प्रश्नकर्ता

पेनाइनची आवृत्ती कुठे मिळेल? सात इंची रेकॉर्डवर बी-साइडचा आवाज बारीक येतो तो दोष आहे का?

उत्तर 3

‘सबस्टन्स’ या बँडच्या संग्रहाच्या 2015च्या नव्या आवृत्तीत आहे. बी-साइडला दोष नाही. सात इंचांच्या एका बाजूत मिळून साडेसहा मिनिटांच्या आसपासची दोन गाणी कोंबली की चऱ्या बारीक कराव्या लागतात, आवाज खाली येतो. लेबलवरचा वेग वाचा, सुई पुसा, व्हॉल्यूम वाढवा; ट्रेबल (उंच सुरांची पातळी) मात्र वाढवू नका, नाहीतर नुसती खरखर वर येईल.