मदत हवी आहे: मिनिएचर रंगवायला ब्रश कोणता घ्यावा? (तातडीचं)

खटपट्या
मंडळी, लवकर सांगा. मिनिएचर रंगवायला चांगला ब्रश कोणता आणि पुण्यात कुठे मिळेल? अप्पा बळवंत चौकातून तीन शून्य, दोन शून्य आणि शून्य नंबरचे आणले. दोन दिवसांत तिन्हींची केरसुणी झाली. टोकाला शेंड्या फुटल्यात, एका डोळ्यात दोन-दोन बुबुळं उमटतायत. वसुबारसेच्या आत चाळीस नग संपवायचेत. "गूगल करा" म्हणू नका, करून झालंय.

कुंचलेकर
वा, सुंदर विषय! शैली कोणती, पहाडी की राजस्थानी? जुने चितारी खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवून ब्रश स्वतःच बांधायचे. पण ब्रशच्या आधी कागदाकडे बघा. वसली, म्हणजे थरावर थर देऊन केलेला कागद, नीट चिकटवली आहे का? हकीकाच्या दगडाने घासून गुळगुळीत केलात का, म्हणजे घोटाई? घोटाई कच्ची असेल तर रेघ फाटणारच.

खटपट्या
अहो कागदावर नाही. मावळे आहेत. उभे.

एक_अंश_सत्त्याऐंशी
धागाकर्ते, चार गोष्टी सांगा: मावळा केवढा, कशाचा, रंग कोणता आणि ब्रश धुता कशात. त्याशिवाय ब्रश सुचवणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं. कर्वे रस्त्यावरचं जोश्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून मला हे वेड लागलं. माझा स्केल १:८७, म्हणजे फलाटावरचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. अनुभवाने बोलतोय.

आजोबा_कसबा
मावळे रंगवायचे कशाला? कुंभारवाड्यात रंगवलेले मिळतात. आमच्या वेळी किल्ला मातीचा आणि मावळेही मातीचेच. आता सगळं प्लास्टर! ते असो. अळीव पेरलेत का? वसुबारसेला हिरवं दिसायला हवं तर आत्ताच पेरा.

तांबडी_अणी
एकच उत्तर: कोलिन्स्की. विन्सर अँड न्यूटनची सिरीज सेव्हन. १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी बनवायला घेतली, तिला सात नंबर आवडायचा म्हणून नाव सात. कोलिन्स्की म्हणजे सैबेरियातल्या विझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे केस. मधे पोट भरलेलं, टोक सुईसारखं. एकदा वापरलात की सिंथेटिकला हात लावणार नाही.

काटकसरे
आणि एकदा किंमत ऐकलीत की जेवणालाही हात लावणार नाही. नवशिक्याच्या हातात कोलिन्स्की म्हणजे लायसन्स मिळायच्या आत मर्सिडीज. साधे सोनेरी सिंथेटिक घ्या, चार घ्या, मोडले की फेका.

तांबडी_अणी
सिंथेटिकचं टोक महिन्याभरात गळासारखं वाकतं, हे सांगायचं राहिलं वाटतं तुमच्याकडून.

काटकसरे
वाकतं. मग गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ करायचं, बरेचदा येतं जागेवर. आणि माझे महिनाभर तरी टिकतात, तुमचा कपाटातच असतो.

नदीकाठी
दोघांच्या भांडणात एक सांगून ठेवते. स्वस्तातला "अस्सल केसांचा" म्हणून कुणी मुंगसाच्या केसांचा ब्रश पुढे केला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो विकणं आणि बाळगणं, दोन्ही गुन्हे आहेत. केस उगमाशी गडद, मधे फिकट आणि टोकाला पुन्हा गडद असे दिसले की शंका घ्या.

आजोबा_कसबा
आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या पेटीत कसले होते कुणास ठाऊक.

दुपारचा_चहा
एअरब्रश घ्या. चाळीस मावळे एका संध्याकाळी.

खटपट्या
एअरब्रशने डोळे?
आणि हो, सत्त्याऐंशी साहेब: मावळे भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये काढून दिलेत, २८ मिलिमीटरचे. रंग घरात होता तोच, खिडकीच्या गजांना लावून उरलेला ऑइलपेंट. ब्रश टर्पेंटाइनच्या बाटलीत उभे ठेवतो, म्हणजे सुकत नाहीत. पण प्रश्न ब्रशचा आहे, रंगाचा नाही.

एक_अंश_सत्त्याऐंशी
😶

काटकसरे
या एका बाबतीत मी आणि तांबडी अणी एकत्र आहोत.

तांबडी_अणी
कोलिन्स्की घेऊ नका. मी शब्द मागे घेतो. कृपया घेऊ नका.

एक_अंश_सत्त्याऐंशी
बरं, नीट सांगतो. ब्रश टोकावर उभा ठेवलात की केस वाकतात आणि तसेच राहतात. शेंड्यांचं कारण वेगळं. केस पत्र्याच्या नळीत शिरतात तिथपर्यंत रंग चढला आणि आत वाळला की तो पाचर मारल्यासारखा केसांना फाकवतो. म्हणून ब्रश निम्म्याच्या वर कधी बुडवायचा नाही, रंग कुठलाही असो. धुतल्यावर साबणाचा फेस करून बोटांनी टोक वळवायचं आणि आडवा ठेवायचा.

गजाचा रंग सोडा. तो या मापाला फार जाड, भुवया-मिशा सगळं बुजवेल. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्या. आधी मावळ्यांवर प्रायमरचा पातळ हात द्या, रेझिनवर ॲक्रिलिक नुसता टिकत नाही. ॲक्रिलिक वाळतो भराभर, त्यावर उपाय: डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. तासभर ओला राहतो.

आता ब्रश. तीन शून्याच्या मागे लागलात तिथेच फसलात. एवढ्याशा ब्रशच्या पोटात रंग मावतच नाही. मावळ्यापर्यंत नेईतो टोकावरचा वाळतो, मग तुम्ही दाबता, मग फाकतो. एक नंबरचा घ्या. टोक चांगलं असेल तर डोळासुद्धा त्यानेच होतो. धातूच्या उठावांवर कोरड्या ब्रशने चमक द्यायला केरसुणी झालेले तिन्ही ठेवून द्या, त्या कामाला उत्तम.

दुकानात नवा ब्रश टोकदार दिसतो तो खळीमुळे. पाण्यात बुडवून खळ काढा, एक झटका द्या. आपोआप एका टोकाला आला तर घ्या.

मृण्मयी_क
हे मी चौकात करून पाहिलं. दुकानदार म्हणाले, "ओला केलात तर घ्यावा लागेल." मी म्हटलं, ओला केल्याशिवाय घेणार नाही. दहा मिनिटं दोघंही ठाम. शेवटी त्यांनीच चहाच्या ग्लासातलं उरलंसुरलं पाणी दिलं. तिसरा ब्रश पास झाला.

कुंचलेकर
घोटाईबद्दल कुणीच काही बोललं नाही.

दुपारचा_चहा
एअरब्रशचं काय ठरलं?

खटपट्या (चार दिवसांनी)
एक नंबर सिंथेटिक घेतला, ॲक्रिलिक घेतला. काटकसरे खूश असतील. आधी पांढरं, मग काळा ठिपका असं करत होतो, डोळे वटारलेले दिसायला लागले. मग उलटं केलं. आधी पूर्ण काळं, आत पांढरं, मध्ये परत ठिपका. काळ्याची कड आपोआप राहते, काजळ घातल्यासारखी. आत्तापर्यंत ३७ डोळे झालेत.

आजोबा_कसबा
३७? विषम?

खटपट्या
भाच्याने एकाला टेहळणीवर ठेवलाय. कपाळावर आडवा हात आहे, एक डोळा झाकला जातो.

आजोबा_कसबा
हं. अळीव?

खटपट्या
पेरले.